पुनर्विकासात गाळा मिळेल, पण कोठे?

जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की दुकानदार भाडेकरूचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मला किती फूट मिळणार?" प्रश्न रास्त आहे, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. किती फूट हे नियमातच लिहिलेले आहे. गाळा रस्त्यावर येणार की आतल्या बोळात, हे मात्र नकाशावर ठरते आणि तेथे वाहनतळाचा नियम आडवा येतो.

मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास नियम 33(7) खाली होतो. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत हा नियम होता. 2018 साली लागू झालेल्या नव्या नियमावलीतही तो आहे. त्यानुसार राहत्या भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांची हमी आहे. मग त्याची जुनी खोली सव्वाशे फुटांची का असेना! दुकानदाराला अशी वाढ नाही. जुन्या इमारतीत जेवढे क्षेत्र ताब्यात होते तेवढेच त्याला नव्या इमारतीत मिळते. ते रस्त्याच्या तोंडावरच मिळेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही. ऐंशी फुटांच्या गाळ्याची खरी किंमत त्याच्या दर्शनी भागात असते, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको.

आता वाहनतळाकडे वळू. नव्या इमारतीत घरांच्या आकारानुसार गाड्यांसाठी जागा सोडावी लागते. सर्वात लहान घरे असतील तर चार घरांमागे एक गाडी, सर्वात मोठी असतील तर एका घरामागे दोन. मोठ्या गाडीच्या जागेचे माप अडीच मीटर बाय साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे 148 चौरस फूट. आपल्या बाजारातील कितीतरी गाळे याहून लहान आहेत. शिवाय गाडी आत जायला वाट, वळायला जागा आणि वर किंवा तळघरात न्यायला उतार लागतो. विकासक विक्रीसाठी जितके मोठे फ्लॅट काढील तितक्या गाड्या वाढतात. जुन्या बाजारातील भूखंड अरुंद असतात. गाड्यांचे प्रवेशद्वार रस्त्याच्याच बाजूला काढावे लागते आणि जेथे पूर्वी सहा दुकाने ओळीने होती तेथे तीन-चारच मावतात. उरलेली मागे किंवा वरच्या मजल्यावर जातात. विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार असेल तर दर्शनी रेषाही मागे सरकते.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तळमजल्याचा नकाशा मागावा. आपला गाळा क्रमांकासह त्यावर दाखवून घ्यावा. रस्त्याकडील रुंदी किती फूट, हे करारनाम्यात स्वतंत्र लिहून घ्यावे. नुसते "समान क्षेत्रफळ" हे शब्द पुरेसे नाहीत. गाड्या यांत्रिक पद्धतीने एकावर एक ठेवता येतात, त्यामुळे तळमजल्याची जागा वाचते. खर्च वाढतो म्हणून विकासक ते आपणहून सुचवतीलच असे नाही, तेव्हा विचारावे. माल उतरवायचा टेम्पो कोठे उभा राहील, हेही त्याच बैठकीत ठरवावे. सिटी सर्व्हे क्रमांक देऊन पालिकेकडून डी.पी. रिमार्क घेतला की रस्तारुंदीची रेषा आणि आरक्षण दोन्ही कळतात.

संमती द्यायची वेळ महत्त्वाची आहे. योजनेला निम्म्याहून अधिक भाडेकरूंची लेखी संमती लागते. इमारतीत राहणारे जास्त आणि दुकानदार थोडे असतात. राहणाऱ्यांच्या सह्या पुऱ्या झाल्यावर दुकानदाराच्या शब्दाला वजन राहत नाही. दुकानदारांनी एकत्र बसून आपली मागणी सुरुवातीलाच मांडलेली बरी.

दुसरी बाब यादीची. भाडेकरूंची नावे आणि प्रत्येकाचे क्षेत्र म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ प्रमाणित करते. 13 जून 1996 नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेकरी धरली जात नाही. भाडेपावती, गुमास्ता परवाना, वीजबिल जपून ठेवावे. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे आणि पोटमाळा मोजला की सोडला ते पाहावे. सर्वात वाईट अवस्था कारागिराची होते. दुकानाच्या मागे किंवा माळ्यावर वर्षानुवर्षे जरीकाम, शिलाई करणाऱ्याच्या नावाची पावतीच नसते. यादीत तो कोठेही येत नाही. मूळ भाडेकरू भला असेल तर काही देईल, एवढाच त्याचा आधार. अशा कारागिरांनी मूळ भाडेकरूकडून आताच लेखी कबुली घ्यावी. नंतर वकिलाला देण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

भेंडी बाजारचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तेथे 2009 साली स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने साडेसोळा एकरांवरील सुमारे 250 इमारतींची योजना नियम 33(9) खाली, म्हणजे समूह पुनर्विकासात, हाती घेतली. त्यात सुमारे 3,200 कुटुंबे आणि 1,250 दुकाने होती. इमारती एकत्र आल्या की वाहनतळ आणि रस्ते एकदम आखता येतात, दर्शनी बाजूही वाढते. एकट्या अरुंद भूखंडावर ही सोय नसते. उलट बाजूने पाहता, समूहात काम लांबते आणि गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे वळते.

जागा विक्रीबाबतही एक गोष्ट माहीत असावी. खांबांमधील मोकळी वाहनजागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला आहे.

पुणे, सोलापूर, मालेगाव येथील वाचकांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. तेथे डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रीकृत नियमावली लागू आहे आणि वाहनतळाचे कोष्टक वेगळे आहे. ते पालिकेच्या नगररचना विभागात पाहायला मिळते.