बॅटरीवरील फवारणी-पंप व त्याचा आरंभींचा लोंढा

आंब्याला मोहोर फुटूं लागला म्हणजे आमच्या मालवण-देवगडच्या किनारपट्टींत बागायतदारास दुसरें कांहीं सुचत नाहीं. तुडतुडा व भुरी यांवर वेळेवर फवारणी झाली नाहीं, तर वर्षाचें उत्पन्न मोहोराबरोबरच गळून जातें. मोठ्या झाडांस इंजिनाचा पंप लागतो. परंतु लहान कलमें, काजू व भाजीपाला यांसाठीं पाठीवरचा, 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंप आतां घरोघर आला आहे. त्याची एक खोड ठाऊक नसल्यामुळें प्रस्तुत लेखकाचे ऐन मोहोरांतील चार दिवस फुकट गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत अशी कीं, बटण दाबलें कीं फ्यूज जाई. बाजारांतील एका दुरुस्तीवाल्यानें फ्यूजच्या जागीं तांब्याची जाड तार घालून दिली, व "काका, आतां कसली कटकट नाय," असें आश्वासनही दिलें. दुसरे दिवशीं बागेंत बटणांतून धूर निघाला. औषधाची टाकी पाठीस बांधलेली असतां कंबरेपाशीं धूर निघूं लागला म्हणजे मनुष्याची काय अवस्था होते, तें वाचकांनींच ताडावें.

महसूल खात्यांत कारकुनी करून उतरलेल्या मनुष्यास मूळ कागद पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं. विद्युत्-शास्त्र शिकविणाऱ्या एका परिचित गृहस्थांस गांठलें. त्यांनीं सांगितलेला प्रकार असा : मोटर फिरूं लागली म्हणजे ती स्वतःच वीज उत्पन्न करूं लागते, व ही वीज बॅटरीच्या दाबास उलट अडविते. यास आपण प्रतिदाब म्हणूं. उभ्या मोटरींत प्रतिदाब शून्य असतो. वेटोळ्यांचा रोध अर्धा ओहम धरला, तर 12 व्होल्टला पहिल्या क्षणीं 24 अँपिअरपर्यंत प्रवाह धांवूं पाहतो. वेग आला कीं प्रतिदाब साडेदहा व्होल्टपर्यंत चढतो, आणि उरलेल्या दीड व्होल्टवर 3 अँपिअर वाहतात. म्हणजे आरंभीं आठपट! रापणीची होडी वाळूवरून ढकलावयास पुष्कळ गडी लागतात. एकदां तरंगली कीं वल्हीं पुरतात, तसेंच हें.

मुंबईस 3 फेब्रुवारी 1925 रोजीं बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धांवली, ती 1500 व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. अशा गाड्यांत प्रथम रोधकांतून प्रवाह देत, व वेग वाढे तसतसे ते रोधक क्रमानें वगळीत. 2016 पर्यंत तेथील उपनगरी मार्गांवरून डीसी गेली. परंतु आमच्या कित्येक चाकरमान्यांनीं त्याच गाड्यांत जन्म काढला.

आपल्या पंपास वेग कमीजास्त करण्याची कळ असेल, तर तिचा उपयोग हाच. ती अगदीं खालीं आणून मग बटण दाबावें व हळूहळू चढवावी. फ्यूज मंद वितळणारा घ्यावा. 3 अँपिअरच्या मोटरीस 5 अँपिअरचा पुरतो. क्षणभराचा लोंढा तो सोसतो, मोटर अडकून राहिली तर मात्र जातो.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. हातांतला चाप सोडला कीं पंपांतील दाबाचें बटण मोटर बंद करतें, व चाप दाबतांच पुन्हां सुरू करतें. प्रत्येक वेळीं तोच लोंढा त्या इवल्याशा चकत्यांवरून जातो व त्या जळत जातात. म्हणून चापाशीं चाळा न करितां एक कलम एका दमांत पुरें करावें.

खाऱ्या वाऱ्यानें बॅटरीच्या टोकांवर हिरवा कीट चढतो. त्याचा रोध ओहमचा पंचमांश जरी झाला, तरी चालतांना जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट खर्ची पडतो. पण आरंभीं तीन व्होल्टांहून अधिक! मोटर नुसती हुंकार देते. टोकें घासून व्हॅसलिन लावावें. जुनी बॅटरीही अशीच फसविते : स्वस्थ असतां साडेबारा व्होल्ट दाखविते, आणि बटण दाबतांच बसते. मोजणी करावयाची ती बटण दाबलेलें असतांनाच.

शेवटीं माझ्या पंपाचें निदान एका दिव्यानें झालें. मोटारगाडीचा 12 व्होल्ट 55 वॅटचा दिवा मोटरीच्या वाटेंत एकापुढें एक जोडून, टाकी रिकामी ठेवून बटण दाबलें. मोटर निरोगी असेल तर दिवा क्षणभर लखलखतो व मंदावतो. माझा मंदावला नाहीं. पंप उघडला, तों पाण्यांत विरघळणारें गंधक झडपांत वाळून घट्ट बसलेलें, आणि मोटरीस फिरावयास वावच नाहीं. फ्यूज बिचारा हेंच सांगत होता, आणि आम्हीं त्याचें तोंड तारेनें बंद केलें होतें.

नवें बटण व साफसफाई यांत पंप सुरू झाला. चार दिवसांत भुरीनें मात्र आठ कलमांचा मोहोर काळा केला. आतां फवारणी संपली कीं दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी पंपांतून काढल्याखेरीज मी तो खुंटीस टांगीत नाहीं.