गाडीच्या पोटात (भाग ७) : पाटे काढण्याआधी

मागच्या आठवड्यात चासी पाहिली, आता तिच्या मागच्या टोकाकडे येऊ. हाताने गाडी बांधणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात, आणि बहुतेक वेळा एकाच समजुतीमुळे. सस्पेन्शन म्हणजे स्प्रिंग, ही ती समजूत. दणकट स्प्रिंग आणि नवा शॉकअब्सॉर्बर आणला की काम झालं असं वाटतं. खरं तर स्प्रिंग निवडणं सोपं आहे. चाकाने कोणत्या वाटेने वरखाली व्हायचं आणि बाकी कुठल्याही दिशेला का हलायचं नाही, हे ठरवणं अवघड आहे.

जुन्या जीपचा मागचा भाग आठवा. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीतही तीच रचना होती. दोन्ही बाजूंना पाट्यांची चवड, मधोमध यू-बोल्टने आवळलेला ॲक्सल, पाट्याचा पुढचा डोळा चासीला पक्का आणि मागचा शॅकलवर झुलता. हा पाटा वजन तर पेलतोच. शिवाय चाकांचा रेटा त्याच्या पुढच्या अर्ध्या भागातून गाडीला मिळतो. ॲक्सल आडवा सरकत नाही, तोही पाट्यामुळेच. इंजिनाचा जोर आला की ॲक्सलचं हौसिंग उलट्या दिशेने फिरू पाहतं, त्यालाही पाटाच अडवतो. एका लोखंडाने इतकी कामं गुपचूप केलेली असतात. पाटे काढून तिथे कॉइल स्प्रिंग बसवली की ती फक्त वजन पेलते. उरलेल्या कामांना वाली राहत नाही.

अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांना, म्हणजे वेगासाठी साध्या गाड्या बदलून घेणाऱ्यांना, हा धडा लवकर मिळाला. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं, आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवर वेगाच्या नादाने जमणाऱ्या तरुणांना मनासारखी गाडी मिळाली. त्या फोर्डच्या मागे एकच आडवा पाटा असे. पुढे ढकलण्याचा रेटा त्या पाट्यावर नव्हता. तो प्रोपेलर शाफ्टभोवतीच्या जाड नळीतून, म्हणजे टॉर्क ट्यूबमधून, गिअरबॉक्सकडे जाई. फोर्डने ही नळी १९४८ च्या मॉडेलपर्यंत ठेवली. पोरांनी दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणि उघडा शाफ्ट बसवला की नळी जाई, आणि तिच्याबरोबर ॲक्सलला धरून ठेवणारा हातही जाई. मग चासीपासून ॲक्सलपर्यंत नवे दांडे जोडणं भाग पडे. घरी बांधलेल्या गाडीचं मागचं सस्पेन्शन म्हणून जे आज ओळखलं जातं, ते या गरजेतून घडलं.

सगळ्यात रुळलेली रचना चार दांड्यांची. खालचे दोन दांडे ॲक्सलला पुढेमागे सरकू देत नाहीत. वरचे दोन हौसिंगला फिरू देत नाहीत. चारही दांडे एकमेकांना समांतर असतील, तर आडवं सरकणं रोखायला पाचवा दांडा लागतो. त्याचं एक टोक चासीला आणि दुसरं ॲक्सलला असतं. हा पॅनहार्ड रॉड, एका जुन्या फ्रेंच मोटार कंपनीच्या नावाचा. दुसरा मार्ग म्हणजे वरचे दोन दांडे तिरपे लावायचे, मग तेच आडवं सरकणंही रोखतात. जागा असेल तर मी तिरप्या दांड्यांच्या बाजूने आहे. जोड कमी, झिजणारे बुश कमी.

पॅनहार्ड लावायचाच असेल तर लांब लावा. दांडा एका टोकाभोवती फिरतो, म्हणून ॲक्सल सरळ वर न जाता किंचित बाजूला जातो. ८०० मिमी लांबीचा आडवा दांडा असेल, तर चाक ७५ मिमी वर गेल्यावर ॲक्सल साडेतीन मिमी बाजूला सरकतो. दांडा ४०० मिमीचा असेल तर सात मिमी. वळणावर खड्डा आला की स्टिअरिंग हातात असूनही गाडी मागून ढकलल्यासारखी वाटते, ती या सात मिमीमुळे.

स्प्रिंग विकत घेण्याआधी एक काम करा. दांड्यांचे ब्रॅकेट नुसते टॅक करा, पुरतं वेल्डिंग करू नका. चासी घोड्यांवर पक्की ठेवा, डिफरन्शियलखाली जॅक लावा आणि ॲक्सल दहा दहा मिमी वर न्या. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी मोजा : दोन्ही चाकं चासीच्या मध्यरेषेपासून किती दूर आहेत, पिनियनचा कोन किती बदलला, आणि कुठला दांडा, नळी किंवा ब्रेकचा पाइप कशाला घासतोय का. मग एकच बाजू उचला. चासीवर ओळंबा सोडा, डोळ्याच्या अंदाजावर राहू नका. इथे अडकलेला ॲक्सल रस्त्यावर सुटणार नाही. तो ब्रॅकेट तोडेल. पाट्याला मात्र वेल्डिंग कधीच करू नका. स्प्रिंगचं पोलाद तापलं की त्याचं पाणी उतरतं, आणि पुढे तिथेच तडा जातो.

आता स्प्रिंग. दुर्ग-भिलाईच्या अभियांत्रिकी कॉलेजांतल्या मुलांसाठी हा भाग खास लिहितोय, कारण त्यांच्या स्पर्धेच्या बग्गीत मागचं चाक सुट्या आर्मवर असतं आणि स्प्रिंगसकट शॉकअब्सॉर्बर चाकापासून आत, तिरका बसतो. समजा, मागच्या एका चाकावर ६५ किलो भार आहे आणि गाडीने सेकंदाला दोन झोके घ्यावेत असं ठरवलंय. त्यासाठी चाकापाशी मिमीला सुमारे १०.३ न्यूटन इतका ताठरपणा लागतो. पण चाक १० मिमी हललं की स्प्रिंग फक्त ६ मिमी दबत असेल, तर हे प्रमाण ०.६ झालं. ताठरपणा या प्रमाणाच्या वर्गाने भागायचा असतो : १०.३ भागिले ०.३६, म्हणजे साडेअठ्ठावीस. नुसत्या ०.६ ने भागलं तर सतरा येतात, आणि तशी स्प्रिंग पहिल्याच उडीत तळाला आपटते. वर्ग का, तर जोरही कमी-जास्त होतो आणि दबण्याचं अंतरही. शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या टोकावर चाकाच्या भारापेक्षा जास्त जोर येतो, म्हणून तो ब्रॅकेट पाइपच्या मध्यावर न लावता दोन पाइप मिळतात त्या सांध्यावर लावा.

अशी हाताने बांधलेली किंवा बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हेही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात भंगारातून छोटी जीप बांधणाऱ्या गृहस्थांना आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, तेव्हा ती छोटी जीप नियमांत बसत नाही हे त्यांनीही लिहिलं होतं. मुलांसाठी योग्य मैदान आहे ते बाहा एसएई इंडिया स्पर्धेचं. अमेरिकेत १९७६ साली साउथ कॅरोलिना विद्यापीठात सुरू झालेली ही स्पर्धा २००७ पासून भारतात होते, आणि इंदूरजवळचं पीथमपूर तिच्यासाठी ओळखलं जातं. तिथे दगड-मातीच्या वाटेवर मागचा आर्म टिकतो की नाही हे दिसून येतं.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. तेव्हापासून फिटर आणि वेल्डर इथे घरोघरी आहेत, आणि हाथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये पाइप कापून जोडणारे तरबेज हात आहेत. तयार नकाशा त्यांच्या हाती देऊन निघून जाऊ नका. जॅकवर घेतलेली मोजमापं कागदावर मांडून त्यांच्याशी बसा, कुठला ब्रॅकेट कुठून फाटेल ते विचारा, आणि मगच टॅक पक्के करा. पुढच्या आठवड्यात ब्रेक.