कंपनीतून वस्तीकडे: समूहगतिकीचा परतीचा प्रवास

मुंबईतील कांदिवलीत आकुर्ली रस्त्यावरचा महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना, ठाकूर संकुलातील उंच इमारती आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेची दामूनगरसारखी वस्ती एकमेकांपासून फार दूर नाहीत. त्यामुळे कंपनीतील पद सोडून सामाजिक न्यायाच्या कामाकडे वळू पाहणाऱ्या येथील नोकरदाराला कार्यक्षेत्र शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. नियोजन, हिशेब आणि माणसे सांभाळण्याचे कसब आपल्याजवळ आहेच, ते फक्त दुसऱ्या कामाला लावायचे आहे, असा त्याचा समज असतो. तो कितपत खरा आहे, हे समूहगतिकीच्या इतिहासावरून उमगते.

माणसे एकत्र आली की कोण बोलतो, कोण गप्प राहतो, कोणाच्या शब्दाला वजन येते आणि निर्णय संमतीने होतो की केवळ कंटाळ्याने, याचा अभ्यास म्हणजे समूहगतिकी. या शास्त्राचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन हे ज्यू असल्याने नाझी राजवट आल्यावर, 1933 मध्ये, जर्मनी सोडून अमेरिकेत गेले. 1946 मध्ये कनेक्टिकट राज्यात वांशिक पूर्वग्रह कमी करण्याच्या हेतूने त्यांनी एक कार्यशाळा घेतली. तेथे निरीक्षकांची रात्रीची चर्चा ऐकायला सहभागी स्वतःच येऊन बसू लागले आणि आपल्याच वागण्याविषयीची निरीक्षणे ऐकून माणूस सर्वाधिक शिकतो, हे लक्षात आले. त्यातूनच पुढे, ठरावीक विषय न देता गटाने स्वतःच्या व्यवहाराकडे पाहण्याची प्रशिक्षणपद्धती निघाली. मोठ्या कंपन्यांनी ती व्यवस्थापकांसाठी उचलली आणि 1970 च्या दशकात ‘इंडियन सोसायटी फॉर अप्लाइड बिहेविअरल सायन्स’ या संस्थेद्वारे तिला भारतात संघटित रूप मिळाले. म्हणजे हे शास्त्र अन्यायाच्या प्रश्नातून जन्मले आणि नंतर कार्यालयात गेले. कंपनी सोडून वस्तीत येणारा माणूस ते एका अर्थाने मूळ जागी नेत असतो.

मात्र या परतीच्या प्रवासात बरेच काही विसरावे लागते. कंपनीत ध्येय वरून ठरून येते आणि गटाने ते वेळेत गाठायचे असते. न्यायाच्या कामात ध्येय ठरवण्याचा हक्कच गटाकडे यावा लागतो. त्यातच जात, लिंग, वय आणि घराची मालकी यांची उतरंड बैठक भरण्यापूर्वीच तेथे हजर असते. बैठक सायंकाळी सातची ठेवली, तर स्वयंपाकात अडकलेल्या स्त्रिया गळतात आणि ‘सर्वानुमते’ झालेला ठराव प्रत्यक्षात मोजक्या पुरुषांचा ठरतो.

कांदिवलीतल्याच चारकोपचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1985 पासून जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेल्या योजनेत अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांना पाणी व सांडपाण्याची सोय असलेले छोटे भूखंड देण्यात आले आणि सामाईक चौकाभोवतीच्या सुमारे 35 भूखंडांची मिळून एक सहकारी संस्था, अशी मांडणी करण्यात आली. चौक नकाशावर आखता आला, तरी त्याचा वापर आणि देखभाल यांविषयीचे एकमत मात्र सभासदांनाच घडवावे लागणार होते.

नोकरीतून वस्तीतल्या कामाकडे होणाऱ्या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण म्हणजे सुजाता खांडेकर. त्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात अभियंता होत्या. मंडळ खाजगी कंपनी नसले, तरी हुद्द्यांची आणि आदेशांची चौकट तेथेही होतीच. 1989 मध्ये मुंबईत साक्षरतेच्या कामासाठी स्थापन झालेल्या ‘कोरो’ या संस्थेत त्या आल्या आणि चेंबूर परिसरातील वस्त्यांत चालणाऱ्या या कामाचे नेतृत्व हळूहळू वस्तीतल्याच माणसांकडे जाऊ लागले. वस्तीतूनच पुढे आलेल्या मुमताज शेख यांनी 2011 पासून, स्त्रियांना सार्वजनिक मुतारी मोफत व सुरक्षित मिळावी यासाठीच्या ‘राइट टू पी’ मोहिमेचे नेतृत्व केले. ज्या गैरसोयीबद्दल बोलण्याचाही संकोच होता, ती गटात बोलली गेल्यामुळे महापालिकेपुढे मांडता आली.

यावरून असे दिसते की, हिशेब, नोंदी आणि पाठपुरावा ही कंपनीतील कौशल्ये वस्तीतही मोलाची असतात, परंतु गटाने ठरवलेल्या दिशेला जुंपली गेली तरच. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याचे यश त्याच्या सहभागावरून नव्हे, तर त्याच्या गैरहजेरीत गट वाद घालून, मतभेद मिटवून निर्णय घेऊ शकतो की नाही यावरून मोजावे लागते.