दादासाहेब फाळके यांच्या चरित्राचा साधनग्रंथ व त्याचें द्रव्यबळ

१. विषयप्रवेश

पोथ्या व दप्तरें यांच्या शोधास वाहिलेल्या त्रैमासिकांत चित्रपटाचा विषय कशास, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, चित्रफीत हीहि एक प्रतच आहे. तिला कर्ता असतो, नक्कल करणारा असतो. तिचे भाग गळतात, तींत प्रक्षेप होतात, आणि ती पोथीहून लौकर नष्ट होते. मूकचित्रपटांच्या काळांतील फीत नायट्रोसेल्युलोजची असे. हा पदार्थ ज्वालाग्राही असून नीट जपला नाहीं तर प्रथम चिकट होतो व अखेर त्याची भुकटी होते. वाळवीनें खाल्लेल्या पोथीचें अर्धें पान तरी लावतां येतें. या भुकटींतून कांहींच लावतां येत नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास लागलेल्या आगींत अशा जुन्या फितींचा मोठा सांठा जळाला, हें सर्वश्रुत आहे.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०; मृत्यु नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) यांचीं चरित्रें मराठींत झालीं आहेत व त्यांतील कांहीं परिश्रमपूर्वक लिहिलेलीं आहेत. परंतु चरित्र निराळें आणि साधनग्रंथ निराळा. चरित्रकार निर्णय सांगतो; साधनग्रंथाचा संपादक पुरावा वाचकाच्या हातीं देतो. प्रस्तुत लेखांत अशा साधनग्रंथाची सिद्धता कशी व्हावी आणि त्यासाठीं लागणारें द्रव्य कोणत्या मार्गानें यावें, एवढाच विचार केला आहे.

२. साधनांचे वर्ग

पहिला वर्ग कर्त्याच्या स्वतःच्या लेखनाचा. फाळक्यांनीं 'भारतीय चित्रपट' या मथळ्याखालीं 'नवयुग' मासिकांत १९१७-१८ सालीं लेख लिहिले. १९२७-२८ सालच्या चित्रपट-चौकशी समितीपुढें त्यांनीं दिलेली साक्षहि छापील आहे. दुसरा वर्ग समकालीन वृत्तपत्रें, त्यांतील जाहिराती आणि हस्तपत्रकें यांचा. तिसरा वर्ग प्रत्यक्ष फितींचा. चौथा वर्ग उत्तरकालीन आठवणींचा. या चार वर्गांचें प्रामाण्य सारखें नाहीं. कर्त्याचा लेखहि चार-पांच वर्षांनंतरचा असल्यानें तो दैनंदिनीच्या तोलाचा मानतां येत नाहीं. आणि जाहिरात ही तारखेच्या बाबतींत विश्वसनीय असली तरी गुणवर्णनाच्या बाबतींत नव्हे.

३. पाठनिश्चितीचा प्रश्न

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत गिरगांवांतील कॉरोनेशन नाट्यगृहांत प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारें ३७०० फूट होती. पुण्यांतील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत (स्थापना १९६४) आज सुमारें १४७५ फूट, म्हणजे पहिलें व शेवटचें रीळ, एवढाच भाग आहे. परंतु फाळक्यांनीं १९१७ सालीं हाच विषय पुन्हां चित्रित केला होता. उपलब्ध रिळें १९१३ च्या मूळ चित्राचीं कीं १९१७ च्या पुनर्रचनेचीं, याविषयीं अभ्यासकांत मतभेद असून कांहीं जाणत्यांचा कौल दुसऱ्या पक्षास आहे.

हा प्रश्न आपल्या परिचयाचाच आहे. एकाच ग्रंथाच्या दोन शाखा, मधलीं पानें गहाळ, आणि लेखनकाल सांगणारी पुष्पिका नाहीं! तेव्हां उपायहि परिचयाचेच योजावे लागतात. कागदाच्या जलचिन्हावरून आपण दप्तराचा काळ ठरवितों. त्याचप्रमाणें ईस्टमन कोडाक कंपनीच्या फितींच्या कडेवर १९१६ पासून वर्षदर्शक चिन्ह छापलेलें असे. मात्र जलचिन्हावरून कागदाचा काळ कळतो, मजकुराचा नव्हे, हा नियम येथेंहि लागू आहे. शिवाय नक्कल करतांना मूळ फितीचें चिन्ह नव्या प्रतींत उमटण्याचा संभव असतो. म्हणून चिन्ह, नटांचे चेहरे, वेष, मधल्या अक्षरपाट्यांची भाषा व वळण, आणि १९१३ मधील वर्णनें हीं सर्व एकत्र ताडून पाहिलीं पाहिजेत. जेथें निर्णय होत नाहीं तेथें दोन्ही पक्ष छापून संपादकानें थांबावें.

'पहिला' या शब्दाविषयींहि तसेंच. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजीं त्याच कॉरोनेशन नाट्यगृहांत दाखविला गेला. तो रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण असल्यानें व त्यावरील रासायनिक संस्कार लंडनांत झाल्यानें त्यास पहिलेपणाचा मान द्यावा कीं नाहीं, हा वाद आहे. साधनग्रंथानें दोन्ही तारखा व दोन्ही कृतींचें स्वरूप सांगावें. मानपान ठरविणें हें त्याचें काम नव्हे.

४. द्रव्याचा विचार

असा ग्रंथ कोणाच्या पैशानें छापावा? जयंती-उत्सवासाठीं पैसा देणाऱ्यास 'पहिला' हा शब्द हवा असतो. प्रतिपक्षाच्या अभिमान्यास तो नको असतो. ज्याच्या घरीं कागद आहेत त्यास एखादें पत्र गाळावेंसें वाटतें. यांत कोणाचा दुष्ट हेतु असतो असें नाहीं. पण पैसा एका हातचा असला कीं संपादकाची लेखणी त्या हाताकडे पाहूं लागते. म्हणून द्रव्य अनेकांचें व थोडथोडें असावें.

खुद्द फाळक्यांचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. त्यांनीं विम्याच्या पत्रावर कर्ज काढून १९१२ सालीं लंडनचा प्रवास केला. परत आल्यावर वाटाण्याच्या बीजाची वाढ दाखविणारें एक लहानसें चित्र घेऊन तें धनिकांस दाखविलें आणि मग भांडवल मिळविलें. सरस्वतीबाईंचे दागिनेहि गहाण पडले. अर्थात् आधीं नमुना, मग पैसा. उलटपक्षीं, १९१८ सालीं मुंबईंतील कांहीं भांडवलदारांच्या भागीदारींत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि मतभेद होऊन १९१९ सालीं फाळके ती सोडून काशीस गेले. ग्रंथकर्त्यानें दोन्ही प्रसंग ध्यानांत ठेवावे.

डॉ. केतकरांनीं ज्ञानकोशासाठीं मर्यादित कंपनी काढून भाग विकले आणि गांवोगांव वर्गणीदार मिळविले, हा मार्ग मराठी वाचकांस नवा नाहीं. आपल्या लहान ग्रंथास पुढील व्यवस्था पुरेशी होईल :

(१) सोळा पानांचा एक नमुन्याचा फर्मा प्रथम छापावा. त्यांत एक मूळ लेख, टीपा व एक चित्र असावें. (२) त्यावर आगाऊ वर्गणीदार मिळवावे. जुळणी, छायाचित्रांच्या नकला व प्रवास यांचा खर्च प्रती किती निघतात यावर अवलंबून नसतो. कागद, छपाई व बांधणी यांचा असतो. पहिला खर्च वर्गणींतून भागेल असें दिसल्यावरच काम हातीं घ्यावें. (३) पैसा निराळ्या खात्यांत ठेवून मुदतींत ग्रंथ न निघाल्यास परत करावा. (४) नांवें वर्णानुक्रमानें छापावीं, रकमेच्या क्रमानें नव्हे. (५) कोणाहि देणगीदारास मुद्रितें तपासण्याचा हक्क नसावा. (६) जमाखर्च ग्रंथाच्या शेवटीं द्यावा.

एक सोय सांगण्याजोगी आहे. १९५७ च्या कायद्यांतील मुदत, पुढें वाढविली त्याप्रमाणें, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. ती फाळक्यांच्या लेखनापुरती २००४ अखेर संपली. त्यामुळें त्यांचे लेख समग्र छापण्यास अनुमतिमूल्य पडत नाहीं. संग्रहांतील प्रतींच्या नकलांचा आकार मात्र धरलाच पाहिजे.

५. संग्राहकांस विनंति

पैशापेक्षांहि मोठी देणगी वाचकांच्या घरींच असण्याचा संभव आहे. मोडीच्या रुमालांत, वह्यांच्या वेष्टनांत, जमाखर्चाच्या कीर्दींत नाट्यगृहांचीं हस्तपत्रकें, तिकिटें व 'नवयुगा'चे सुटे अंक पडलेले असतात, आणि ऐतिहासिक नव्हेत म्हणून ते रद्दींत जातात. असा कागद आढळल्यास तो स्वच्छ करण्याच्या भरीस पडूं नये. कोठें, कशासह व कोणत्या क्रमांत सांपडला तें लिहून ठेवून दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. जुनी फीत आढळल्यास ती उष्णतेपासून दूर ठेवावी, बंद डब्यांत कोंडून घरीं बाळगूं नये, व संग्रहालयास त्वरित कळवावें. हरवलेल्या रिळांची वार्ता अशाच एखाद्या चिठोऱ्यावरून लागेल, आणि ज्याच्या दप्तरांतून तें निघेल त्याचें नांव ग्रंथांत त्या साधनाखालींच छापलें जाईल.