नामंजुरीच्या पत्रानंतरचे तीस दिवस

गेल्या पावसाळ्यात रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारे एक निवृत्त शिक्षक आमच्या शाखेत आले. त्यांच्या मुलाने शहराच्या सीमेलगत बँकेच्या कर्जातून भूखंड घेतला होता आणि आता घरबांधणीसाठी कर्जाचा पुढील टप्पा हवा होता. पिशवीतून एक पत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवले. विकास अनुज्ञा नाकारल्याचे ते पत्र हाती पडून बावीस दिवस लोटले होते. ‘‘साहेब, रोज कार्यालयात जाऊन विनंती करतो आहे. आता सरळ कोर्टातच जावे म्हणतो,’’ ते म्हणाले. मंजूर नकाशाविना बांधकामाची रक्कम देणे आम्हांस शक्य नव्हते आणि भूखंडाच्या कर्जाचा हप्ता तर दरमहा कापला जात होता.

ग्राहक मित्रहो, अशा वेळी प्रथम पाहावयाचे ते पत्रातील कारण आणि ते पत्र मिळाल्याची तारीख. आपल्याकडे लागू असलेल्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, 1973 नुसार परवानगी नाकारताना किंवा तिला अटी घालताना कारणे लेखी नमूद करणे बंधनकारक आहे. आदेश कळविल्यापासून 30 दिवसांच्या आत नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते आणि त्यापुढे राज्य शासनाकडे पुनरीक्षणाचा मार्ग आहे. महाराष्ट्रात भूखंड असणाऱ्यांसाठी 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात ही मुदत 40 दिवसांची आहे. महानगरपालिकेची भवन अनुज्ञा मात्र निराळ्या कायद्याखाली येते. म्हणून आदेशात कोणत्या कायद्याचे कोणते कलम लिहिले आहे, हे आधी तपासावे.

साठ दिवसांत निर्णय कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूदही 1973 च्या कायद्यात आहे. परंतु कार्यालयाने मागितलेली माहिती पुरविण्यास आपण घेतलेला काळ त्यातून वगळला जातो. त्यामुळे केवळ दिवस मोजून पाया खणण्यास प्रारंभ करू नये.

बिलासपूरच्या उच्च न्यायालयाचे दार कोठे उघडते? राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली तेथे रिट याचिका करता येते. मात्र कायद्याने दिलेले अपील न करता गेल्यास ‘आधी तेथे जा’ असे सांगून न्यायालय बहुधा परत पाठविते. शिवाय न्यायालय स्वतः नकाशा मंजूर करीत बसत नाही. निर्णय अधिकार असलेल्या व्यक्तीने, योग्य कारणांनी व रीतीने घेतला आहे का, एवढेच ते प्रामुख्याने पाहते.

याचा एक जुना दाखला मुंबईचा आहे. गोरधनदास भानजी यांना अंधेरी येथे चित्रपटगृह उभारण्याची परवानगी 1947 साली पोलीस आयुक्तांनी दिली आणि त्याच वर्षी, शासनाच्या निर्देशावरून रद्द केल्याचे कळविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1951 साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्र लिहिले. त्यापूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि त्या काळी आपले रायपूरही त्याच न्यायालयाच्या कक्षेत होते. अधिकार आयुक्तांचा, तर निर्णयही त्यांनी स्वतःच्या विवेकाने घ्यावयास हवा. आणि सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावावयाचा, मागाहून दिलेल्या खुलाशावरून नव्हे, असे त्यांनी ठरविले. तरीही न्यायालयाने चित्रपटगृह बांधा असे सांगितले नाही. आयुक्तांनी सर्व बाजू तोलून स्वतः स्पष्ट आदेश काढावा, एवढेच फर्माविले.

अर्जदाराने यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. आदेशातील कारण दुबळे असेल, तर ते पुढे शपथपत्रातून बळकट करणे कार्यालयास सोपे नाही. पण जिंकल्यावरही हाती पडते ती बहुधा फेरविचाराची संधी. घराची किल्ली नव्हे.

आमच्या गुरुजींच्या पत्रात दोन कारणे होती. पहिले, समोरील सामासिक अंतर कमी असल्याचे. ते खरेच होते आणि वास्तुविशारदाने नकाशा सुधारताच मिटण्यासारखे होते. दुसरे, भूखंड विकास योजनेतील रस्त्याने बाधित होत असल्याचे. सीमांकनाच्या कागदांवरून मात्र रस्त्याची रेषा शेजारून जात असल्याचे दिसत होते. पहिल्या कारणावर भांडण्यात अर्थ नव्हता; दुसऱ्यासाठी वकिलांच्या सल्ल्याने सत्ताविसाव्या दिवशी अपील दाखल झाले. निकाल अद्याप यावयाचा आहे. रोजच्या विनवण्यांत आणखी आठ दिवस गेले असते, तर तो यावयाचाही राहिला नसता.

या काळात ग्राहकांनी शाखेपासून काही लपवू नये. नामंजुरीच्या आदेशाची व अपिलाच्या पोचपावतीची प्रत शाखेत द्यावी. अपील केल्याने हप्ता आपोआप थांबत नाही. तो थकल्यास खाते अडचणीत येते आणि पुढे मंजुरी मिळाली तरी बांधकामाचे कर्ज मिळणे कठीण होते. अडचण असेल, तर हप्ता चुकण्यापूर्वीच शाखाधिकाऱ्यांशी बोलावे. आणि शक्य असेल तेथे भूखंड घेण्याआधीच विकास योजनेत त्या जमिनीचा उपयोग काय दाखविला आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

परवा गुरुजी हप्ता भरावयास आले होते. निघताना म्हणाले, ‘‘आता प्रत्येक पत्रावर मिळाल्याची तारीख मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.’’ ही सवय आपणा सर्वांनीच लावून घेण्यासारखी आहे.