फरशीला फेस येतो तेव्हा

दिवाळीला आठ दिवस असताना ओझरला मावशीकडे गेले, तर ती ओसरीवर उकिडवी बसून शहाबादी फरशी घासत होती. "अगं, घासून घासून हात मोडायला आले, पण फरशी काय उजळंना!" शेजारी बाटली होती, संडास धुवायच्या अ‍ॅसिडची. न्हाणीघराचं काम झालं तेव्हा गवंड्याने टाइल्सवरचे सिमेंटचे डाग त्याच अ‍ॅसिडने काढले होते. तेव्हापासून मावशीचा त्या बाटलीवर फार विश्वास.

अ‍ॅसिड पडलं की शहाबादीवर बारीक फेस येतो. मळ निघतोय असं वाटतं, पण निघत असते फरशीच. शहाबादी (कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची म्हणून हे नाव) आणि राजस्थानातून येणारा कोटा, दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट अ‍ॅसिडात विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन बाहेर पडतो. संगमरवराचंही तेच. चकाकी म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे, ती दगडाच्या अंगाची गुळगुळीत पातळी. तिला सूक्ष्म खड्डे पडले की उजेड विखुरतो आणि फरशी पांढुरकी दिसते. लिंबू आणि व्हिनेगर हेच काम जरा सावकाश करतात.

मावशीच्या जुन्या घरात शेणाची भुई होती. ती खराब झाली की सारवायची, म्हणजे वरचा थर नवाच. पॉलिशच्या फरशीला हे सुख नाही. घरी ती नवी करता येत नाही, फक्त जपता येते.

जपायची ती आधी कचकचीपासून. विघ्नेश्वराचं गाव, संकष्टीला दर्शनाला येणारा एखादा पाहुणा मावशीकडे चहाला टेकतोच आणि पायाला कुकडीकाठची माती घेऊन येतो. वाळूतल्या गारेची कठीणता सात, शहाबादीतल्या कॅल्साइटची तीन. ओल्या फडक्याखाली तो कण सापडला की फडक्याचा पॉलिशपेपर होतो. म्हणून दाराबाहेर एक आणि आत एक अशी दोन पायपुसणी हवीत, आणि पुसण्याआधी नीट कोरडा केर काढायला हवा. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, ते या हिशेबाने अगदी योग्य माणसाला पोचतं!

पुसायला बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरेत. कपड्यांची पावडर नको, तिचा पातळ थर मागे राहतो आणि त्यावर पावलं उमटतात. बोअरचं पाणी जड असेल तर फरशी वाळताना क्षारांचे पांढरे ठिपके धरते. तिथे फडकं घट्ट पिळायचं आणि मागून कोरडं फिरवायचं.

जुन्या घरांतल्या मोझेकलाही अ‍ॅसिड वर्ज्यच, कारण सिमेंट आणि त्यातली संगमरवरी खडी दोन्ही त्याला बळी पडतात. नक्षीच्या सिमेंट टाइल्सचंही तसंच. त्या एकेकाळी युरोपातून यायच्या. १९२२ मध्ये, स्वदेशीच्या दिवसांत, फेरोझशा आणि रुस्तम सिधवा यांनी मुंबईत 'भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स' सुरू केली. व्हिट्रिफाइड टाइल्स मात्र चिवट. त्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतात आणि घरातल्या अ‍ॅसिडला सहसा दाद देत नाहीत. पण त्यांच्या सांध्यांत सिमेंटच असतं, ते झिजतं. आणि अ‍ॅसिडच्या जोडीला ब्लीचिंग पावडर कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो.

दिवाळीचे डाग निराळे. पणतीचं तेल शहाबादीत मुरतं. ते घासू नये, आधी टिपून घ्यावं. मग खाण्याचा सोडा पाण्यात दाट कालवून डागावर थापायचा, रात्रभर झाकून ठेवायचा, वाळल्यावर लाकडी उलथन्याने काढायचा. डाग जुना असेल तर हे दोनतीनदा करावं लागतं. रंगीत रांगोळी पाण्याने धुतली तर रंग सांध्यांत बसतो, म्हणून ती कोरडीच भरून घ्यावी. मेणबत्तीचं मेण बर्फाने कडक करून अलगद उचलावं.

अ‍ॅसिडने खाल्लेली फरशी मात्र पुसून सुधारत नाही. तिथे मशीनच लागतं. भरड दगडापासून सुरुवात करून पाणी घालत घालत बारीक दगडापर्यंत यायचं. त्यात चिखल उडतो, भिंती खराब होतात, म्हणून रंगकामाच्या आधी हे उरकतात. मावशीने भिंती नुकत्याच रंगवल्या होत्या.

तिने बाटली उचलून संडासाच्या खिडकीत ठेवली. पॉलिश आता तुळशीच्या लग्नानंतर. तोवर त्या पांढुरक्या चट्ट्यांवर चटई.