ताडाच्या झडपा

तारोडीहून उत्तनकडे जाताना ताड दिसला की आम्हांला आठवतात ते ताडगोळे! परंतु हेच झाड घरालाही कसे उपयोगी पडते, ते पाहू.

वास्तुशिल्पज्ञ श्री. बिजॉय जैन यांनी २००७ साली अलिबागच्या दक्षिणेस नांदगावच्या नारळवाडीत एक घर पुरे केले. सांगाडा ऐनाचा, लाकडात लाकूड गुंतवून सांधलेला. आणि भिंतींच्या जागी ताडाच्या पट्ट्यांच्या झडपा. ताडाचे खोड आतून भुसभुशीत, बाहेरून मात्र कठीण. पट्ट्या त्या बाहेरच्या भागाच्या. त्यांतून वारा येतो, ऊन अडते. ही विद्या सुतारांच्या हातांत होती. जैन यांनी त्यांना बरोबरीने घेतले. २०२० साली त्यांना फिनलंडचे आल्वार आल्टो पदक मिळाले.

हे सुटीतले विश्रामघर. आपल्या इमारतींना ते जसेच्या तसे चालणार नाही, हे खरे. परंतु पश्चिमेच्या खिडकीला अशी झडप कोण नको म्हणेल? आपण ती सांगितली नाही, तर सुताराचा मुलगा करवत खाली ठेवील. मग किनाऱ्यावर ताड राहील, पण तो कसा चिरावा हे सांगणारा राहणार नाही.